दोन मॉड्यूलवर गाळप

2009 सालचा जानेवारी. पहाटेचे तीन वाजलेत आणि तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ड्राइव्ह रूममध्ये उभे आहात. मिल हाउसची घरघर थांबलीय. गाडीतळावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या खोळंबल्यात. तोडलेला ऊस वाळतोय; वजनही उतरतंय आणि साखरही.

तिसऱ्या मिलची मोटर चालवणाऱ्या पॅनेलमध्ये तीन इन्व्हर्टर मॉड्यूल शेजारी शेजारी, तिघं मिळून करंट वाटून घेतात. मधल्यातला आयजीबीटी ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय, डीसी फ्यूज उडालेत. नवं मॉड्यूल यायला दोन दिवस. पूर्वी इथे वाफेची टर्बाइन होती. ती बसली की मिल बसली.

“मामा, मधलं काढा बाहेर. दोनावर चालवू,” शिफ्ट इन्चार्ज फिटर मामांना म्हणतात. बनवणाऱ्यानेच ही सोय ठेवलीय, म्हणून हे शक्य आहे.

ब्रेकर बंद, कुलूप लावलेलं, किल्ली तुमच्या खिशात. तरी हात लावू नका. 690 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर नऊशेच्या वर व्होल्ट असतात. कपॅसिटर रिकामे होईपर्यंत पाच मिनिटं थांबायचं आणि मीटरवर शून्य स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मग फायबरच्या तारा, कंट्रोलचे प्लग, डीसीचे बोल्ट. दीडशे किलोंच्या घरातलं मॉड्यूल चाकांवर, उतरत्या फळीवरून खाली येतं. दोघांनी धरून ठेवा, कलंडतं.

घाई नडते ती यापुढे. रिकाम्या खणातून गरम हवा फिरून परत पुढे येते आणि धड असलेली दोन मॉड्यूल तापून ट्रिप होतात. मामा पत्रा कापून खण बंद करतात. मग पॅरामीटरमध्ये मॉड्यूल तीनाचे दोन करायचे, नाहीतर ड्राइव्ह सुरूच होत नाही. करंटची मर्यादा आता दोन-तृतीयांश.

पंखा असता तर सोपं होतं. पंख्याचा टॉर्क वेगाच्या वर्गाने घटतो, त्यामुळे एवढ्या करंटवरही तो सुमारे ऐंशी टक्के वेगाने फिरतो. मिलचं तसं नाही. रोलरखाली उसाचा थर आहे तोवर ती हळू फिरवली तरी जवळपास तेवढाच टॉर्क मागते. नुसता वेग उतरवून भागत नाही, भारच उतरवावा लागतो.

म्हणून तुम्ही मिल हाउसकडे धावता. अडकलेला चोथा आधी काढायचा, कारण भरलेली मिल उचलायला लागणारा जादा टॉर्क आज नाही. वरच्या रोलरचा हायड्रॉलिक दाब कमी करायचा, गव्हाणीत ऊस बेताने टाकायचा, थर पातळ ठेवायचा. मिल एका रांगेत असतात, त्यामुळे तिसरीची चाल तीच सगळ्यांची.

दाब उतरला की चिपाडात रस राहतो, ओलावा वाढतो. सकाळी बॉयलरवाला तक्रार घेऊन येतो, चिपाड नीट जळत नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. तरीही दोन दिवस गाळप बंद ठेवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं; गाडीतळावर थंडीत बसलेल्या शेतकऱ्याची वर्षाची कमाई त्या ट्रॉलीत आहे.

तुमच्या कारखान्यात असं पॅनेल असेल तर हंगामाची मोळी पडण्याआधीच खण झाकायचा पत्रा आणि उतरती फळी त्याच्या शेजारी आणून ठेवा, आणि दोन मॉड्यूलवर किती अँपिअर मिळतात ते दारावर ठळक लिहा.