लॅपटॉप संगणक : मांडणी व सुरक्षित वापर

पडदा, कळफलक, टचपॅड, प्रक्रियक आणि बॅटरी असे सारे भाग मिटणाऱ्या एकाच कवचात बसवलेला, सहज उचलून नेता येणारा संगणक म्हणजे लॅपटॉप. भाग दाटीने बसवल्यामुळे तो कुठेही नेता येतो. मात्र त्याच्या वापरातल्या बहुतेक तक्रारींचे मूळही याच दाटीत आहे. पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्याने मान किंवा हात यांपैकी एकाला अवघडावे लागते. उष्णता बाहेर पडायला जागा अपुरी असते आणि ज्वलनशील द्रव असलेली बॅटरी थेट हाताखाली येते. त्यामुळे एका जागी बसून दीर्घकाळ काम करायचे असेल, तर हे भाग जमेल तितके सुटे करणे हा लॅपटॉपच्या सुखकर वापराचा पाया ठरतो.

घडणीचा इतिहास : मांडीवर ठेवता येईल अशा संगणकाची कल्पना अमेरिकी संगणकतज्ज्ञ अ‍ॅलन के यांनी ‘डायनाबुक’ या नावाने १९७२ मध्ये मांडली. १९८१ मध्ये आलेला ऑस्बर्न-१ हा संगणक उचलता येत असे, पण त्याचे वजन सुमारे ११ किग्रॅ. होते. बिल मॉगरिज यांनी आराखडा केलेल्या ग्रिड कंपास (१९८२) या यंत्रात पडदा बिजागरीने कळफलकावर मिटू लागला आणि आजच्या लॅपटॉपचे रूप ठरले. सुरुवातीच्या यंत्रांत कळफलक अगदी पुढच्या कडेला असे व मनगटे अधांतरी राहत. अ‍ॅपलच्या पॉवरबुक मालिकेने (१९९१) कळफलक पडद्याकडे सरकवून पुढे तळहात टेकण्यापुरती जागा सोडली. हीच रचना पुढे सर्वत्र रूढ झाली. त्याच वर्षी सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि लॅपटॉप हलका होण्याचा मार्ग मोकळा झाला.

मूळ पेच : ताठ बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे आणि कोपर यांच्या उंचीत साधारण ४५ ते ५० सेंमी. अंतर असते. चौदा इंची लॅपटॉपचा पडदा मात्र कळफलकापासून जेमतेम २० ते २२ सेंमी. वर जातो. कळफलक कोपराच्या पातळीला घेतला, तर पडदा छातीशी येतो व मान झुकते. पडदा डोळ्यांसमोर आणला, तर खांदे उचलून टंकलेखन करावे लागते. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे पाच किग्रॅ. असते. अमेरिकी शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार मान ३० अंशांत झुकली की मणक्यांवर सुमारे १८ किग्रॅ. आणि ६० अंशांत झुकली की सुमारे २७ किग्रॅ. इतका भार येतो. हे आकडे गणिती प्रतिमानातून काढलेले आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नाहीत. तरी झुकाव वाढला की मानेच्या स्नायूंवरील ताण वाढतो, हे तत्त्व वादातीत आहे.

टेबलावरची मांडणी : रोज काही तास काम असल्यास सुटा कळफलक व सुटा माउस ही पहिली खरेदी असावी. लॅपटॉप स्टँडवर किंवा जाडजूड पुस्तकांच्या चळतीवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आणावी. चळत रचताना यंत्राच्या तळाचे व कडेचे झरोके झाकले जाणार नाहीत, हे पाहावे. पडदा हात लांब केल्यावर बोटे टेकतील इतक्या, म्हणजे साधारण ५० ते ७५ सेंमी. अंतरावर असावा. कळफलक व माउस कोपराच्या उंचीला आणि अंगालगत असावेत. माउससाठी हात लांबवावा लागला की खांदा भरून येतो. कोपराचा कोन ९० अंश किंवा थोडा अधिक आणि मनगट सरळ, ही हातांची योग्य ठेवण होय. मनगट टेबलाच्या धारेवर दाबून धरल्यास तेथून जाणाऱ्या मध्य चेतातंतूवर दाब येतो व बोटांना मुंग्या येतात.

बाजारातली टेबले बहुधा ७५ सेंमी. उंच असतात आणि बुटक्या व्यक्तींना ती चढी पडतात. अशा वेळी खुर्ची वर घ्यावी आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट द्यावा. टेबलाचे पाय कापण्यापेक्षा हा उपाय स्वस्त पडतो. परदेशी मापांवर बेतलेले फर्निचर भारतीय शरीराला कितपत जुळते, हे ताडण्यासाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील देबकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केलेली भारतीयांची शरीरमापे (१९९७) उपयोगी पडतात.

सुटा कळफलक नसेल तर काम आखडते घ्यावे. लॅपटॉप स्टँडवर न चढवता टेबलावरच ठेवून पडदा मागे कलता करावा, मान झुकवण्याऐवजी नजर खाली न्यावी आणि दर अर्ध्या तासाने उठावे. कितीही आदर्श बैठक तासन्‌तास तशीच धरून ठेवली की तीही त्रासदायक होते.

जमिनीवर व पलंगावर : मांडी घालून बसण्याची सवय असलेल्यांना चौरंग हे चांगले मेज ठरते. बुडाखाली घडी केलेली सतरंजी किंवा घट्ट उशी घेतल्यास कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते व पाठीला पोक येत नाही. पाठ भिंतीला टेकवावी. चौरंगावरही पडदा खालीच राहतो, म्हणून लेखनाचे लांब काम तेथे करू नये. गादीवर पालथे पडून काम करणे सर्वांत वाईट. त्यात मान मागे मोडते, कोपरांवर भार येतो आणि यंत्राचे झरोके गादीत रुततात.

मराठी टंकलेखन : भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकातील इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला आहेत. ‘का’ लिहिताना उजवे मधले बोट क देते आणि डावे मधले बोट काना देते; हात आळीपाळीने चालत असल्याने श्रम वाटले जातात. ख, घ, छ, झ यांसारखी महाप्राण अक्षरे शिफ्ट दाबून येतात. ती उमटवताना डाव्या करंगळीने डावी शिफ्ट धरावी. एकाच हाताने दोन्ही कळा दाबण्याची सवय लागली की करंगळी ताणून मनगट वाकडे होते. देवनागरीत वेलांट्या, रफार वर आणि उकार खाली जात असल्याने इंग्रजीला पुरेसा असलेला अक्षराचा आकार मराठीला बारीक पडतो. अक्षर वाचण्यासाठी मान पुढे जात असेल, तर पडद्यावरचा मजकूर १२५ किंवा १५० टक्क्यांपर्यंत मोठा करावा.

डोळे व प्रकाश : एरवी माणूस मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी मिटतो, पडद्याकडे टक लावल्यावर हे प्रमाण बरेच घटते. अश्रूंचा थर सुकून डोळे चुरचुरतात, आणि पंखा किंवा वातानुकूलकाचा झोत थेट चेहऱ्यावर असल्यास त्रास वाढतो. दर २० मिनिटांनी सुमारे सहा मीटर लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहण्याची सवय उपयोगी आहे. खिडकी पडद्याच्या मागे किंवा आपल्या पाठीमागे नसावी, बाजूला असावी. चाळिशीचा चष्मा ३५ ते ४० सेंमी.वरच्या वाचनासाठी असतो, त्यामुळे त्यातून पडदा धूसर दिसतो. दोन भिंगांच्या चष्म्यातून खालच्या भागाने पाहण्यासाठी हनुवटी उचलावी लागते व मान आखडते. असे चष्मे वापरणाऱ्यांनी नेत्रतपासणीच्या वेळी पडद्याचे अंतर मोजून सांगावे आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. निळा प्रकाश अडवणाऱ्या भिंगांची मोठी जाहिरात होते, मात्र अमेरिकी नेत्रतज्ज्ञांची अकादमी संगणकासाठी त्यांची शिफारस करत नाही.

उष्णता : नाव लॅपटॉप असले तरी उघड्या मांडीवर तो फार वेळ ठेवू नये. चटका बसणार नाही इतकी मंद ऊब त्याच जागी दिवसेंदिवस मिळत राहिली, की त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग उठतात. काश्मीरमध्ये फिरन या सैल अंगरख्याच्या आत कांगरी ही निखाऱ्यांची शेगडी धरणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर दिसणारे डाग याच जातीचे असतात. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील डॉक्टरांनी २०१० मध्ये लॅपटॉपमुळे असा डाग पडलेल्या बारा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथील २००५ च्या अभ्यासात २९ पुरुषांना तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवायला दिल्यावर वृषणकोशाचे तापमान २.६ ते २.८ अंश से.ने वाढले, त्यातला बराच भाग मांड्या जुळवून बसण्यामुळेच होता. म्हणून मांडीवर घ्यायचाच असेल, तर खाली फळी ठेवावी व वेळ थोडा ठेवावा.

यंत्रालाही उष्णता बाधते. झरोक्यांत धूळ साचली की पंखा सतत घरघरतो आणि प्रक्रियक आपला वेग कमी करतो. यंत्र बंद करून झरोके मऊ ब्रशने साफ करावेत. लॅपटॉप निद्रावस्थेत ठेवून पिशवीत कोंबला आणि आत तो जागा झाला, तर चांगलाच तापतो; लांबच्या प्रवासात तो पूर्ण बंद करणे श्रेयस्कर.

वीज : जुन्या घरांत व भाड्याच्या खोल्यांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण मोठ्या छिद्रामागे अर्थिंगची तार कित्येकदा जोडलेलीच नसते. अशा ठिकाणी चार्जिंग चालू असताना धातूच्या कवचावरून मनगट हलके फिरवले, की झिणझिण्या येतात किंवा पृष्ठभाग खरखरीत लागतो. चार्जरमधील विद्युत गोंगाट गाळणाऱ्या धारित्रांतून कवचापर्यंत येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जायला दुसरी वाट नसल्याने अंगातून जातो, म्हणून तसे होते. चार्जर धडका असेल तर हा प्रवाह धोक्याच्या पातळीच्या बराच खाली असतो. पण तीन पिनी चार्जर लावूनही झिणझिण्या येत असतील, तर त्या सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण त्याच सॉकेटवर उद्या इस्त्रीही लागणार असते. तीन पिनी चार्जर दोन पिनी जोडणीत घालून वापरू नये. दोन पिनी चार्जरला अर्थिंगच नसते, तेव्हा त्यावर अशी किरकोळ झिणझिण जाणवू शकते.

चार्जर बदलताना व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तितके किंवा अधिक असावेत. भारतात लॅपटॉप व चार्जर यांना २०१२ च्या आदेशापासून भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वेष्टनावर किंवा वस्तूवर पाहून घ्यावा. तारेचे आवरण फाटले असल्यास चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये.

बॅटरी : पूर्ण भरलेला लिथियम-आयन घट बहुधा ४.२ व्होल्टवर असतो, आणि कायम त्या अवस्थेत, त्यातही उष्ण जागी राहिला तर लवकर म्हातारा होतो. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय यंत्रात असल्यास ती चालू करावी. बॅटरी फुगू लागल्याच्या खुणा आधी बारीक असतात : टचपॅड वर येतो किंवा त्याची टिचकी लागत नाही, सपाट टेबलावर यंत्र डुगडुगते, झाकण नीट मिटत नाही. असे दिसताच चार्जिंग बंद करावे. दाबून बसवण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न करू नये व जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्यावी. २००६ मध्ये आग लागण्याच्या धोक्यामुळे डेल कंपनीला सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या होत्या. धूर किंवा फुसफुस आवाज येऊ लागल्यास यंत्रापासून दूर व्हावे, जमल्यास मुख्य वीज तोडावी व १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. विमानात सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत असेल तर परवानगी लागत नाही, १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमानकंपनीची संमती लागते. व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास.

पावसाळा व सांडलवंड : वळवाच्या व परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच चार्जर आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून बॅटरीवर काम करावे. स्पाइक गार्ड लहानसहान उसळ्या अडवतो, जवळ पडलेली वीज अडवत नाही. वातानुकूलित मोटारीतून कोकणातल्या दमट हवेत आणलेल्या यंत्रावर बाष्प धरते. ते पिशवीतच थोडा वेळ राहू देऊन मग चालू करावे. दुचाकीवर पिशवीच्या आत आणखी एक प्लॅस्टिकचे आवरण असावे.

कळफलकावर सांडणाऱ्या द्रवांत दूध-साखरेचा चहा पाण्यापेक्षा अधिक घातक, कारण सुकल्यावर त्याचा चिकट थर आत राहतो व सर्किट गंजवतो. चार्जर लगेच काढावा, बटण दाबून धरून यंत्र बंद करावे, ते उघडे ठेवून तंबूसारखे पालथे घालावे आणि सुकले असे वाटले तरी चालू न करता दुरुस्तीला न्यावे. तांदळात पुरण्याने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने झळ देण्याने लाभ होत नाही. तांदळाची भुकटी आणि उष्णता यांनी हानी मात्र वाढते.

माहितीची सुरक्षा : फिरते यंत्र हरवते, चोरीला जाते. पडद्याला संकेतशब्द असला, तरी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. त्यामुळे डिस्कवरील मजकूर कूटबद्ध करणारी बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्ट यांसारखी सोय चालू ठेवावी आणि तिची पुनर्प्राप्ती कळ लॅपटॉपबाहेर जपावी. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा संगणक व्यवस्थापकांचा जुना दंडक घरगुती वापरालाही लागू पडतो.

विल्हेवाट : जुना लॅपटॉप किंवा बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, कचरागाडीत दाबली गेलेली बॅटरी पेट घेऊ शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे किंवा उत्पादकाच्या संकलन केंद्रात द्यावे. देण्यापूर्वी डिस्कवरील मजकूर पुसावा. यंत्र चालूच होत नसेल, तर डिस्क काढून घ्यावी.