दोन रुपयांचे निर्माते

'मंथन' सुरू होताना पडद्यावर जी पाटी येते, ती तुमच्यापैकी किती जणांना आठवते? हा चित्रपट सादर करताहेत गुजरातमधले पाच लाख शेतकरी! स्मिता पाटील, गिरीश कार्नाड, नसीरुद्दीन शाह सगळ्यांच्या लक्षात असतात. पटकथा आपल्या तेंडुलकरांची, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण या पाच लाख निर्मात्यांकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

गोष्ट १९७६ ची. श्याम बेनेगल यांनी आधी दूध योजनेवर माहितीपट केला होता. पण माहितीपट पाहतो कोण? ज्यांना विषय आधीच पटलेला असतो तेच. म्हणून त्यांना त्यावर कथाचित्रपट करायचा होता. खर्च दहा-बारा लाख. तेव्हाच्या मानानेही ही रक्कम फार नव्हती, पण दूध सोसायटीच्या भांडणावर पैसे लावणार कोण? डॉ. वर्गीस कुरियन यांनी तोडगा काढला. सभासद शेतकऱ्यांनी दुधाच्या पैशातले फक्त दोन-दोन रुपये द्यायचे. पाच लाख गुणिले दोन. झाले दहा लाख!

खरी मजा पुढेच आहे. चित्रपट लागला तेव्हा हे शेतकरी ट्रक भरभरून 'आपला' सिनेमा बघायला आले. नंतर १६ एमएमच्या प्रती गावोगाव फिरल्या. त्यांच्याबरोबर जनावरांचा डॉक्टर आणि दूध-चाऱ्याची माहिती असलेली माणसंही जायची. आधी सिनेमा, मग 'तुमच्या गावात सोसायटी काढायची का?' अशी चर्चा. म्हणजे ज्याने पैसे दिले तोच प्रेक्षक, आणि ज्याने पाहिला तो पुढचा सभासद.

दुसरी गोष्ट केरळची. जॉन अब्राहम पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, ऋत्विक घटकांचा विद्यार्थी. त्याने मित्रांना घेऊन १९८४ मध्ये 'ओडेसा कलेक्टिव्ह' काढलं. निर्माता नको, वितरक नको, असा बाणा. मग पैसे? ही मंडळी गावोगाव हिंडली. चॅप्लिनचा 'द किड' दाखवायचा आणि जमलेल्या लोकांकडून वर्गणी गोळा करायची. कुणी किती दिले याला महत्त्व नाही. अशा चिल्लरीतून १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' हा कृष्णधवल चित्रपट उभा राहिला.

त्याची कथा तरी काय? एक तरुण मरण पावला आहे. ही बातमी त्याच्या आईला सांगायला एकजण वायनाडहून निघतो. वाटेत त्या मुलाचे ओळखीचे भेटतात, तेही सोबत येतात. कोचीला पोचेपर्यंत मोठा घोळका झालेला असतो. चित्रपटासाठी पैसे जमवले तेही असेच, वाटेवर माणसं जोडत. तयार झाल्यावर तो पुन्हा गावोगावच नेला. तिकीट नाही. ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्यासमोर पडदा बांधायचा.

हे वाचून कुणीही भारावून जाईल. पण दोन्हीकडे मला एक-एक गाठ दिसते. 'मंथन'चे पैसे एवढ्या सहज जमले, कारण रोज दूध घेणारी आणि हिशोब ठेवणारी भक्कम यंत्रणा मागे होती. त्या यंत्रणेचं काम पुढे नेणारा सिनेमा होता म्हणूनच ती मागे उभी राहिली. बेनेगलांनी गावातली जात, सरपंचाची दादागिरी, शहरी साहेबाचं अपयश हे सगळं दाखवलं, हे त्यांचं मोठेपण. पण त्याच संघाला टोचणारा सिनेमा असता, तर दोन रुपये मिळाले असते?

ओडेसा कुणाच्याच बांधील नव्हतं. पण त्याला आधारही कुणाचा नव्हता. ३१ मे १९८७ रोजी कोळिकोडमध्ये इमारतीवरून पडून जॉन गेला. 'अम्मा अरियान' त्याचा शेवटचा चित्रपट ठरला. माणसांवर उभं केलेलं काम त्या माणसांइतकंच टिकाऊ, किंवा तितकंच नाजूक.

आज कॅमेरा खिशात आला आहे. संकलन घरच्या कॉम्प्युटरवर होतं. आमच्या नात्यातल्या एका पोराने असाच हौसेने सिनेमा केला. दोन महोत्सवांत दाखवला, टाळ्या मिळाल्या, आणि आता तो हार्ड डिस्कवर पडून आहे. सिनेमा वाईट नाही हो! पण तो कुणाची वाट पाहतोय हे कुणालाच माहीत नाही. बनवणं स्वस्त झालं, दाखवणं झालं नाही.

आपण नेहमी 'पैसा कुठून आणायचा' इथून सुरुवात करतो. कुरियन आणि जॉन या दोन अगदी वेगळ्या वाटांच्या माणसांनी आधी माणसं गाठली. पैसे त्यांच्याकडूनच आले, आणि सिनेमा तयार झाल्यावर प्रेक्षक शोधत हिंडावं लागलं नाही.

'मंथन'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात बेनेगल गेले. ती पाटी मात्र अजून तिथेच आहे. पुढच्या वेळी 'मंथन' लावलात, तर सुरुवात चुकवू नका.