चौदा मिनिटांचा चंद्र

फिल्म फेस्टिवलचं शेड्यूल हातात पडलं की आपण साधारण काय करतो? आधी कान, बर्लिन वगैरे शिक्का असलेले सिनेमे शोधतो, मोठ्या दिग्दर्शकांच्या नावांवर खुणा करतो, आणि 'शॉर्ट्स पॅकेज' लिहिलेला दीड तासाचा चौकोन जेवणासाठी मोकळा ठेवतो. त्यात ते पॅकेज भयपटांचं किंवा विज्ञानपटांचं असेल तर विषयच संपला. लघुपट म्हणजे नवशिक्यांचं काम, आणि भुतं, यंत्रमानव, टाईम मशीन म्हणजे पोरखेळ. दोन्ही एकत्र म्हणजे वजा गुणिले वजा. आणि त्याचं उत्तर अधिक येतं हे आपण इंजिनियर लोकसुद्धा विसरतो :)

म्हणून आज थोडा इतिहास. कारण इतिहास उघडला की चित्र बरोबर उलटं दिसतं. भयपट काय, विज्ञानपट काय, हे जॉनर जन्मले तेच मुळी लघुपटांत. दोन तासांचे सिनेमे फार नंतर आले.

२८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्रँड कॅफेमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून सिनेमा दाखवला. एकेक फिल्म जेमतेम ५० सेकंदांची, कारण कॅमेऱ्यात मावायची तेवढीच, साधारण १७ मीटर. (हाच खेळ ७ जुलै १८९६ ला आपल्या मुंबईत, वॉटसन हॉटेलात झाला.) त्या पॅरिसच्या प्रेक्षकांत जॉर्ज मेलिएस नावाचा एक जादूगार बसला होता. त्याचं स्वतःचं जादूच्या प्रयोगांचं थिएटर होतं. बाकीच्यांना पडद्यावर हलणारी माणसं दिसली, याला दिसली नवी जादू. दुसऱ्याच वर्षी त्याने सैतानाच्या वाड्याची तीनेक मिनिटांची फिल्म केली. वटवाघळाचा सैतान होतो, माणसं हवेतून प्रकटतात आणि गायब होतात. तिला बरेच जण जगातला पहिला भयपट म्हणतात. १९०२ साली त्याने 'चंद्रावरची सफर' काढली, सुमारे १४ मिनिटांची. चंद्राच्या डोळ्यात रुतलेलं ते यान, ते चित्र तुम्ही नक्की कुठेतरी पाहिलं असणार. पुढच्याच वर्षी अमेरिकेत 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' आली, १२ मिनिटांच्या आसपास, आणि वेस्टर्न रांगायला लागला.

थोडक्यात काय, तर लांबी ही तेव्हा हार्डवेअरची मर्यादा होती. पण या मर्यादेने एक चांगली सवय लावली. दहा-बारा मिनिटांत पात्रांचं बालपण, उपकथानक, गाणी यांना जागाच नाही. एक कल्पना घ्यायची, 'समजा असं झालं तर?' असं विचारायचं, आणि प्रेक्षक सावरायच्या आत खेळ संपवायचा. भीती आणि अचंबा या दोन्ही गोष्टींना हे माप अगदी फिट बसतं. आजीची भुताची गोष्ट आठवून बघा. ती कधी दोन तास चालायची का?

१९१० च्या दशकात लांब सिनेमे आले आणि लघुपट हळूहळू मुख्य खेळाआधीची भरती झाला. मेलिएस कर्जात बुडाला. १९२३ साली त्याचं थिएटर पाडलं गेलं, आणि त्याच वर्षी त्याने स्वतःच्या हाताने आपल्या फिल्मच्या निगेटिव्ह जाळून टाकल्या. पाचशेच्या वर फिल्म केलेला हा माणूस पुढे मोंपार्नास स्टेशनवर खेळणी आणि गोळ्या-चॉकलेटं विकत होता. जे वाचलं ते बरंचसं जगभर विखुरलेल्या प्रिंटमुळे. 'चंद्रावरची सफर'ची हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ साली बार्सिलोनाच्या फिल्म संग्रहालयाकडे आली, तीही अत्यंत वाईट अवस्थेत. फ्रेम न् फ्रेम दुरुस्त करून ती पुन्हा पडद्यावर आली ती २०११ च्या कान महोत्सवात. म्हणजे १०९ वर्षांनी त्या चंद्राला रंग परत मिळाले, आणि ते एका फेस्टिवलच्या पडद्यावर.

आता जरा आपल्याकडे येऊ. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण पूर्ण चित्रपटाला पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वर येईपर्यंत एकेक फ्रेम टिपत राहिले. पडद्यावर अख्खं रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसलं आणि पैसे लावणारा तयार झाला. मग ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर भारतीय सिनेमाची सुरुवात एका प्रूफ ऑफ कन्सेप्टने झाली! क्लायंटला डेमो दाखवून प्रोजेक्ट मिळवायचा हा प्रकार आपल्या इंडस्ट्रीने शोधलेला नाही, एवढं लक्षात ठेवा.

हीच युक्ती आजही चालते. नील ब्लॉमकँपने २००५ साली जोहान्सबर्गमध्ये अडकलेल्या परग्रहवासीयांवर सहा मिनिटांची 'अलाइव्ह इन जोबर्ग' केली, तिचा २००९ साली 'डिस्ट्रिक्ट ९' झाला. स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्गने २०१३ साली बायकोला घेऊन घरातच तीन मिनिटांच्या आतली 'लाइट्स आउट' शूट केली. दिवा बंद केला की कोणीतरी दिसतं, लावला की नाही. बस्, एवढंच. २०१६ साली त्याच नावाचा हॉलिवूडपट आला, दिग्दर्शक तोच.

पण इथेच गडबड आहे. अशा यशोगाथा ऐकून आपण लघुपटाला व्हिजिटिंग कार्ड समजायला लागतो. मोठा सिनेमा मिळाला की कार्डाचं काम संपलं. हा हिशोब लावला तर 'ला जेते'चं काय करायचं?

क्रिस मार्करची ही १९६२ ची फ्रेंच फिल्म २८ मिनिटांची. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिस बेचिराख झालंय, उरलेले लोक जमिनीखाली राहतात, आणि एका कैद्याला काळात मागे पाठवायचे प्रयोग चालू आहेत. त्याचीच निवड का? तर लहानपणी ओर्ली विमानतळावर पाहिलेला एक चेहरा त्याच्या मनातून जात नाही म्हणून. सगळी फिल्म स्थिर फोटोंची. फक्त एकदा, काही सेकंद, एक बाई डोळे उघडते आणि चित्र हलतं. अंगावर काटा येतो. शेवट सांगत नाही, स्वतः बघा.

१९६३ साली इटलीतल्या त्रिएस्ते गावी खास विज्ञानपटांचा महोत्सव सुरू झाला, तिथल्या जुन्या किल्ल्यात. पहिल्याच वर्षी 'ला जेते'चा तिथे गौरव झाला. ज्या सिनेमांना 'गंभीर' मंडळी दारात उभं करत नव्हती, त्यांना अशा ठिकाणी हक्काची खोली मिळाली. स्पेनमधल्या सिजेसचा फँटसी-भयपटांचा महोत्सव १९६८ चा. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला १९७९ साली विद्यापीठातल्या सिनेमावेड्या मुलांनी लघुपटांचा आठवडा सुरू केला, त्यातून पुढे लघुपटांचा मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव उभा राहिला.

१९९५ साली टेरी गिलियमने 'ला जेते'वरून '१२ मंकीज' केला, दोन तासांहून मोठा. मला आवडतो तो. पण म्हणून 'ला जेते' त्याचं बीटा व्हर्जन ठरत नाही. त्या २८ मिनिटांत एक फोटो जास्त घातला तर ती बिघडेल.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं यूट्यूबवर मिळतं, थिएटरात कशाला जायचं? मिळतं की. पण घरी आपण भीती वाटली की पॉज करतो, मेल बघतो, चहा करतो. हॉलमध्ये सात-आठ फिल्म ओळीने अंगावर येतात, पुढची कुठल्या जातीची हे माहीत नसतं, आणि एकीची धास्ती मुरायच्या आत दुसरी सुरू होते. शेजारच्या अनोळखी माणसाने रोखलेला श्वास ऐकू येतो. ल्युमिएर आणि मेलिएसच्या काळचा प्रेक्षक असाच बघायचा, एका तिकिटात ओळीने अनेक छोट्या फिल्म.

अशा खेळांना मी बरेचदा मोजक्या डोक्यांमध्ये बसलोय. शेजारच्या स्क्रीनबाहेर जिन्यापर्यंत रांग, आणि इथे हवी ती खुर्ची. एसी मस्त लागतो, पण ते चांगलं लक्षण नव्हे. मेलिएसने निगेटिव्ह स्वतःच्या हाताने जाळल्या. आता फाइल जाळावी लागत नाही, कोणी उघडली नाही तरी पुरतं.

तेव्हा पुढच्या शेड्यूलमधल्या त्या चौकोनावर एक खूण करा. जेवण काय, नंतरही होतं.