भयाची जत्रा

भुताचा सिनेमा एकट्याने बघायचा नसतो, हे मला हैदराबादेत कळलं.

साल १९९३. मे महिन्याच्या सुट्टीत मी विद्यानगरला मावशीकडे गेलो होतो. काका उस्मानिया विद्यापीठात नोकरीला, त्यामुळे बिऱ्हाड तिथून जवळच. एका शनिवारी त्यांनी भाड्याने व्हीसीआर आणला आणि सोबत 'रात्री' नावाच्या तेलुगू चित्रपटाची कॅसेट. रामगोपाल वर्मांचा हा चित्रपट आदल्या वर्षी, १९९२ साली, हिंदीत 'रात' आणि तेलुगूत 'रात्री' म्हणून आला होता. जेवणं आटोपून अख्खी बिल्डिंग मावशीच्या हॉलमध्ये जमली. तेलुगू, कन्नड, मराठवाड्यातून आलेले मराठी, सगळे. मला तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं. तरी पडद्यावरच्या रेवतीला झपाटलेलं बघून मी शेजारच्या अनोळखी मुलाचा हात गच्च धरला होता, आणि त्याने माझा. सिनेमा संपला, पण कुणी उठेना. शेवटी मावशीने बॅटरी घेतली आणि एकेकाला जिन्यावरून दारापर्यंत पोचवून आली.

पुढे वाचनात आलं की दिग्दर्शक होण्याआधी हे वर्मा हैदराबादच्या अमीरपेटमध्ये व्हिडिओ लायब्ररी चालवत. म्हणजे लोक कुठली कॅसेट मागून नेतात हे त्यांनी दुकानात उभं राहून पाहिलं होतं. याच वर्मांनी २००८ साली 'फूँक'च्या वेळी पैज लावली होती: थिएटरात एकट्याने बसून हा सिनेमा पुरा बघा आणि पाच लाख रुपये घ्या. जाहिरातबाजीच ती. पण बक्षीस कशासाठी होतं बघा. सिनेमा बघण्यासाठी नव्हे, एकट्याने बघण्यासाठी!

भयपटांचे महोत्सव जगात का भरतात, त्याचं उत्तर मला या पैजेत दिसतं. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ सिट्जेस नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव आहे. तिथं १९६८ साली अद्भुत आणि भयपटांचा आठवडा सुरू झाला, तो आजही दर ऑक्टोबरात भरतो. फ्रान्सच्या डोंगरातल्या अव्होरियाझला १९७३ साली असाच महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी तिथं 'ड्युएल' नावाच्या चित्रपटाला मुख्य पारितोषिक मिळालं. मुळात टीव्हीसाठी केलेला चित्रपट, दिग्दर्शक पोरसवदा. नाव स्टीव्हन स्पीलबर्ग. मोठ्या महोत्सवांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं, त्यांना या छोट्या जत्रांनी पाट मांडून बसवलं.

आपल्याकडे भयपटाला पाट कुणी मांडला नाही. रामसे बंधूंचंच घ्या. १९७० साली त्यांच्या घरच्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' या चित्रपटाने मार खाल्ला. पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करायला येतात, तेवढा भाग बघायला लोक थिएटरात शिरतात, हे भावांनी हेरलं. मग सगळं कुटुंब महाबळेश्वरला नेऊन थोडक्या पैशात 'दो गज जमीन के नीचे' काढला. तो १९७२ साली आला आणि चालला. १९८४ च्या 'पुराना मंदिर'ने तर तुफान धंदा केला. पण हे सिनेमे बघितल्याचं चारचौघांत कुणी कबूल करत नसे. प्रेक्षक होते, पण त्यांचा समाज झाला नाही.

मराठी वाचकाचीही तीच तऱ्हा. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी लायब्ररीतून पाळीने आणून वाचायचे, आणि मोठ्या माणसांनी विचारलं तर हातात भलतंच पुस्तक दाखवायचं. धारप २००८ साली गेले. त्यांच्या कथेचं बीज घेऊन राही अनिल बर्वे यांनी 'तुंबाड' केला, तो बघायला ते नव्हते. बर्वे सांगतात की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने रात्री त्यांना ती गोष्ट ऐकवली. १९९७ साली त्यांनी पहिला खर्डा लिहिला, आणि चित्रपट पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ ला. एकवीस वर्षं! त्याच वर्षी व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचं उद्घाटन या चित्रपटाने झालं आणि पुढे तो सिट्जेसलाही दाखवला गेला. इथं मात्र धंदा बेताचाच. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा लोकांनी गर्दी केली आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त पैसे मिळाले. ज्यांनी मोबाइलवर एकट्याने बघितला होता, तेच आता मित्रांना घेऊन आले होते.

मुंबईत २०२१ साली सपना मोती भवनानी यांनी 'वेंच फिल्म फेस्टिव्हल' सुरू केला. भय, विज्ञानकथा आणि अद्भुत या प्रकारांचा हा स्वतंत्र महोत्सव, आणि भर बायकांनी केलेल्या चित्रपटांवर. हे वाचल्यावर मी आपल्याकडच्या भुतांची यादी मनात आठवून पाहिली. हडळ, जखीण, अळवंतीण. बाळंतपणात गेलेली, सासरी छळलेली, अपुऱ्या इच्छेची. म्हणजे जिवंतपणी जिचं कुणी ऐकलं नाही ती मेल्यावर पिंपळावर बसते, आणि तिची गोष्ट सांगतो तिला घाबरलेला पुरुष! ती गोष्ट बाईने सांगितली तर भूत कोण ठरेल, हा प्रश्न मला तरी 'पुराना मंदिर'च्या सैतानापेक्षा जास्त भिववतो.

आता आम्हा गोंयकारांचं काय? आम्हाला हे नवीन वाटायला नको. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. बाकी ठिकाणी त्याचं नाव घेऊन पोरांना झोपवतात. आमच्या आमोणे, लोलये, पैंगीण या गावांत तो ग्रामदेव आहे. पैंगीणला तर दर तीन वर्षांनी त्याची गड्यांची जत्रा भरते. देवचारालाही आम्ही राखणदार म्हणतो, त्याला रोट देतो, रात्री तो सीमेवरून फिरतो म्हणून निर्धास्त झोपतो. ज्याची भीती वाटते त्याला एकट्याने सामोरं जायचं नाही, सगळ्या गावाने मिळून जायचं, हे आमच्या पूर्वजांना कुणा महोत्सवाने शिकवलं नव्हतं.

पण त्या गोष्टी सांगणारी माणसं आता एकेक करून जात आहेत. माझ्या आजीला देवचाराच्या चपलांची गोष्ट जशी सांगता यायची, तशी मला येत नाही. माझ्या मुलाला ती ठाऊकच नाही. तो कानात तारा घालून, पांघरुणात, कोरियन भुतं बघतो. एकटाच. सकाळी विचारलं तर म्हणतो, काही नाही, ठीक होता.

२००४ पासून पणजीत इफ्फी भरतो. तो भरू दे. पण एखाद्या देवळाच्या मांडावर, पावसाळा सरल्यावर, पडदा बांधून दोन रात्री अशी एक छोटी जत्रा भरवायला काय हरकत आहे? इथल्या पोरांनी, पोरींनी केलेले दहा-पंधरा मिनिटांचे सिनेमे दाखवावेत, आणि मधल्या वेळात गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलतं करावं. जागा मी शोधतो. तुम्ही येताना फक्त बॅटरी आणा. परतताना एकमेकांना दारापर्यंत पोचवावं लागेल.