हैदराबादी शेरवानी
हैदराबादी शेरवानी हा पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील पुरुषांचा औपचारिक पोशाख आहे. उभी बंद कॉलर, गळ्यापासून कमरेपर्यंत गुंड्यांची एकच रांग आणि गुडघ्यापर्यंत किंवा त्याखाली किंचित येणारी लांबी ही त्याची मुख्य लक्षणे होत. पाश्चात्त्य समाजात सायंकाळच्या समारंभात टक्सिडोला जे स्थान आहे, साधारण तेच स्थान संस्थानात शेरवानीला होते. बिलोली, देगलूर, नांदेड, लातूर हा सर्व प्रदेश १९४८ पर्यंत संस्थानात असल्याने मराठवाड्याच्या वेशभूषेच्या इतिहासातही तिची नोंद घ्यावी लागते.

उगम

शेरवानीचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकात घडले. अंगरखा व अचकन यांची देशी परंपरा आणि इंग्रजांचा फ्रॉक कोट यांच्या मिश्रणातून ती तयार झाली. अचकन अंगाबरोबर बसणारी व तुलनेने हलकी असते. शेरवानी जाड कापडाची, अस्तर लावलेली, कोटासारखी शिवलेली असते. उत्तर भारतात अलीगढच्या विद्यार्थ्यांची काळी शेरवानी प्रसिद्ध झाली. दक्षिणेत हैदराबाद हे तिचे प्रमुख केंद्र होते.

दरबारी पोशाख

निजामासमोर जाताना केवळ शेरवानी पुरेशी नसे. डोक्यावर दस्तार, म्हणजे आधीच बांधून ठेवलेली विशिष्ट घडणीची पगडी, आणि कमरेला शेरवानीवरून बांधलेला बगलूस, म्हणजे मोठ्या बक्कलाचा पट्टा, हे दोन्ही आवश्यक मानले जात. दरबाराबाहेर लाल रंगाची, काळा गोंडा असलेली रुमी टोपी चाले.

हा पोशाख धर्मापेक्षा हुद्द्याशी अधिक निगडित होता. संस्थानाचे पंतप्रधान राहिलेले महाराजा किशन प्रसाद हिंदू होते व शेरवानीच घालत. याउलट बिलोलीसारख्या तालुक्यातील शेतकऱ्याचा वेश धोतर, बंडी आणि पटका असाच राहिला. शेरवानी त्याला दिसे ती बहुधा अधिकाऱ्याच्या अंगावर.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे उदाहरण मात्र विलक्षण आहे. १९३७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून झळकलेले हे संस्थानिक प्रत्यक्षात जुनी, विटलेली शेरवानी व जीर्ण टोपी वापरण्याबद्दल ओळखले जात. निजामांच्या घराण्याचे जे १७३ दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले, त्यांत रत्नजडित बगलूस, गुंड्या व घड्याळाच्या साखळ्याही आहेत. शेरवानीवरील सामग्री किती किमती असू शके, हे त्यावरून कळते.

कापड व निवड

साध्या शेरवानीसाठी लोकरी किंवा सुती कापड, तर समारंभासाठी औरंगाबादचे हिमरू वापरले जाई. हिमरूत सूत व रेशीम एकत्र विणलेले असल्याने ते रेशमासारखे दिसते, पण निव्वळ रेशमापेक्षा स्वस्त पडते.

शेरवानीचा कस तिच्या खांद्यात व कॉलरमध्ये असतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे. ती खाली उतरली तर पुढे कितीही दुरुस्ती केली तरी पोशाख उसना वाटतो. कॉलर लावल्यावर आत एक बोट जावे. गुंड्या लावून बसल्यावर पोटावर आडव्या चुण्या पडल्या तर कमर तंग आहे असे समजावे. रंगांत काळा व मोतिया हे सर्वमान्य. खाली चुडीदार किंवा सरळ पायजमा, पायांत मोजडी किंवा साधे काळे बूट. गुंड्या सुट्या, काढता येण्याजोग्या असल्यास धुण्याच्या वेळी त्या जपता येतात. दागिना एकच असावा: घड्याळाची साखळी किंवा उत्तम गुंड्या, दोन्ही नकोत. सध्या लग्नात भाड्याने मिळणाऱ्या शेरवानीवर भरतकाम, मोत्यांच्या माळा व खांद्यावर शेला असे सारे एकदम असते. जुन्या हैदराबादी पद्धतीशी त्याचा संबंध फारच थोडा आहे.

१९४८ नंतर

रझाकारांचे नेते कासिम रझवी लातूरला वकिली करत. शेरवानी व रुमी टोपीतील त्यांची छायाचित्रे सर्वपरिचित आहेत. त्यामुळे या वेशाला मराठवाड्यात एक कटू राजकीय अर्थ चिकटला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतरच्या हिंसाचाराची सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने नांदेडचाही उल्लेख केला आहे. तिथे शेरवानी ही काहींच्या आठवणीत जुलमाची, तर काहींच्या आठवणीत गमावलेल्या घराची खूण ठरली.

गंमत अशी, की त्याच काळात दिल्लीत पंडित नेहरू काळी अचकन घालून परदेशी पाहुण्यांचे स्वागत करत होते. बंद गळ्याचा कोट हा भारतीय शासकीय समारंभांत औपचारिक पोशाख म्हणून रूढ झाला आणि टक्सिडो अपेक्षित असलेल्या मेजवानीतही तो सहसा स्वीकारला जातो. खुद्द निजाम १९५० ते १९५६ या काळात हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य विभागले गेले. बिलोली मुंबई राज्यात आली, तर मांजरा नदीपलीकडचे बोधन आंध्र प्रदेशात गेले.