एका आडनावाचे मोल

मराठी घरात नवा पाहुणा आला की चहाचा पेला हाती पडण्यापूर्वीच त्याला पहिला प्रश्न येतो तो आडनावाचा, आणि दुसरा मूळ गावाचा. ही दोन उत्तरे मिळेपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्यांना चैन पडत नाही. आडनावावरून गाव, गावावरून सोयरीक आणि सोयरिकीवरून एखादा दूरचा आतेमामेभाऊ सापडला, की मग पाहुणा पाहुणा राहत नाही, घरचाच होतो.

परंतु एक आडनाव असे आहे, की ते धारण करणारा माणूस आपल्यापैकी बहुतेकांनी जन्मात पाहिलेला नसतो, आणि तरीही ते मराठी शिक्षकांच्या, लेखकांच्या आणि वकिलांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहे. एखाद्या अडलेल्या शब्दावरून वाद माजला की घरातले कोणीतरी म्हणते, “वाद कशाला? मोल्सवर्थ काढा की!” मग फडताळातून एक जाडजूड ग्रंथ खाली येतो. ज्याचे नाव आपण घेतले तो माणूस होता, त्याला आईबाप होते, त्याच्या आडनावालाही एक मूळ गाव होते, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानातही नसते. आज दिवाळीच्या निवांत दुपारी त्या आडनावाची कुळकथा वाचकांना सांगावी असा माझा मानस आहे.

इंग्रजांची आडनावे आपल्यापेक्षा फार निराळी असतील अशी पुष्कळांची समजूत असते. तसे काही नाही. त्यांचा स्मिथ म्हणजे आपला लोहार आणि टेलर म्हणजे शिंपी. ब्राउन, व्हाइट ही मंडळी आपल्या काळे-गोऱ्यांच्या पंक्तीला बसणारी. जॉन्सन हा मुळात जॉनचा मुलगा. आणि चौथा वर्ग गावावरून पडलेल्या आडनावांचा, म्हणजे शुद्ध आपल्या ‘कर’ मंडळींचा. मोल्सवर्थ हे आडनाव या चौथ्या वर्गातले आहे.

यात एक गंमत आहे. चिपळुणात सारेच चिपळूणचे. तिथे कोणाला चिपळूणकर म्हणून ओळखून काय साधणार? माणूस चिपळूण सोडून पुण्यास आला म्हणजे तो चिपळूणकर होतो. तेव्हा गावावरून आलेले आडनाव ही खरे पाहता गाव सोडल्याची पावती असते! इंग्लंडातही तोच न्याय. लोहार प्रत्येक गावात होता, म्हणून स्मिथ तिथे गल्लोगल्ली सापडतात. मोल्सवर्थ नावाचे मूळ खेडे मात्र एकच, आणि तेही इवलेसे. त्यातून बाहेर पडून पडून किती माणसे पडणार? म्हणून हे आडनाव विरळ.

हे खेडे पूर्वीच्या हंटिंगडनशर परगण्यातले. आता ते केंब्रिजशरमध्ये मोडते. विल्यम राजाने १०८६ साली साऱ्या इंग्लंडच्या जमिनीची जी प्रसिद्ध मोजदाद करविली, तिच्या बुकात या गावाची नोंद आहे. नावाचा अर्थ लावताना आपल्याला दोन मोह होतात. ‘मोल’ म्हणजे किंमत हे मराठी मुलालाही ठाऊक. आणि इंग्रजी चौथीतला मुलगा सांगेल की ‘वर्थ’ म्हणजेही किंमत. म्हणजे हे आडनाव झाले ‘मोलाचे मोल’! दुर्दैवाने ही व्युत्पत्ती वर्गात हशा पिकविण्यापुरतीच खरी. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वाडी, आणि ‘मूल’ हे माणसाचे नाव. कोण्या एका मूलची वाडी ती मोल्सवर्थ. मूल या शब्दाचा अर्थ मात्र खेचर! असे नाव त्या काळी राजकुळातही चालत असे. वेसेक्सच्या कॅडवाला राजाच्या भावाचे नाव मूलच होते आणि ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारले. आपल्या वाडीवाला मूल हा निराळा, कोणी साधा शेतकरी. त्याचे कुंपण केव्हाच मातीत गेले. त्याचे नाव तेवढे उरले.

या शांत खेड्याच्या नशिबी पुढे मोठी गडबड आली. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या विमानतळावरून अमेरिकन बाँबफेकी विमाने जर्मनीवर जात. १९८० नंतरच्या दशकात तिथे अण्वस्त्रे ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शांततावादी लोकांनी कुंपणाबाहेर राहुट्या ठोकून ठाण मांडले. मूलच्या वाडीला पुन्हा कुंपण पडले, पण ते काटेरी तारांचे.

आता गाव सोडून गेलेल्यांच्या मागे जाऊ. या घराण्याच्या वंशावळी सांगतात की त्यांचा पूर्वज सर वॉल्टर हा एडवर्ड राजपुत्राबरोबर १२७० च्या धर्मयुद्धावर गेला होता. एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ नावाचा गृहस्थ हिशेबतपासणीच्या कामावर इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये गेला आणि तिथलाच झाला. पेनकॅरो हा त्यांचा वाडा आजही उभा आहे. आपल्याकडे एखादा कारकून कोकणातून देशावर जावा आणि त्याच्या नातवाने तिथे इनामदार व्हावे, तसलाच हा प्रकार.

याच घराण्यातला हेंडर मोल्सवर्थ जमैका बेटावर गेला. तो तिथे रॉयल आफ्रिकन कंपनीचा अडत्या होता. या कंपनीचा माल म्हणजे आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे. पुढे १६८४ पासून तीन वर्षे त्याने त्या बेटाचा कारभारही पाहिला आणि १६८९ साली त्याला सरदारकी मिळाली. कुळकथा सांगताना पुष्कळदा आपण अशी पाने उलटून पुढे जातो. पण आडनाव एक आहे म्हणून त्यावरचा डाग झाकता येत नाही, आणि त्या डागामुळे बाकीचे सारे काळेही ठरत नाहीत.

दुसरी एक शाखा आयर्लंडात गेली. डब्लिनमध्ये १६५६ साली जन्मलेला रॉबर्ट मोल्सवर्थ डेन्मार्कच्या दरबारी इंग्लंडचा वकील होता. परत आल्यावर १६९४ साली त्याने त्या देशावर पुस्तक लिहिले. एक स्वतंत्र प्रजा राजाच्या अनियंत्रित सत्तेखाली कशी आपसूक जाते, हे त्यात त्याने इतके रोखठोक सांगितले की डेन्मार्कच्या वकिलाने इंग्लंडच्या दरबारी तक्रार केली. त्याचा मुलगा रिचर्ड शिपाईगडी. १७०६ च्या रॅमिलीच्या लढाईत सेनापती मार्लबरो घोड्यावरून खाली आला, शत्रू अंगावर येत होता. तेव्हा या तरुणाने आपला घोडा त्याला दिला आणि त्याचे प्राण वाचविले. आज डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे आणि त्या रस्त्याच्या टोकाशी आयर्लंडचे पार्लमेंट भरते.

योगायोग असा की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरातही पार्लमेंट मोल्सवर्थ स्ट्रीटवरच आहे. हे नाव पेनकॅरोच्या सर विल्यम मोल्सवर्थचे. १८१० साली जन्मलेला हा जहाल सुधारक. तत्त्ववेत्ता हॉब्ज याचे सारे ग्रंथ त्याने स्वतः संपादून छापविले, वसाहतींना स्वतःचा कारभार स्वतः पाहू द्या म्हणून पार्लमेंटात भांडला, आणि १८५५ साली वसाहतींचा मंत्री होऊन त्याच वर्षी निवर्तला. त्याच्या बागेत दक्षिण अमेरिकेतले एक खवलेदार, काटेरी पानांचे झाड लावले जात असता एक पाहुणा म्हणाला, “यावर चढायचे म्हणजे माकडालाही कोडेच!” तेव्हापासून इंग्रजीत त्या झाडाला ‘माकडाचे कोडे’ असेच नाव पडल्याची गोष्ट सांगतात.

सर विल्यमला मूल नव्हते. सरदारकी चुलत घराण्याकडे गेली. मोल्सवर्थांच्या एका शाखेच्या हाती सेंट ऑबिन नावाच्या दुसऱ्या घराण्याची मालमत्ता आली, तेव्हा दोन्ही आडनावे जोडून मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असे लांबलचक नाव झाले. एक आडनाव बुडू नये म्हणून दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले म्हणा ना!

आडनावे बुडतात कशी, हा प्रश्न इंग्लंडात एका गणिताच्या मार्गानेही विचारला गेला. १८७३ साली फ्रान्सिस गाल्टनने तो एका शैक्षणिक नियतकालिकात वाचकांपुढे टाकला आणि हेन्री वॉटसन या पाद्र्याने तो सोडविण्याचा यत्न केला. हिशेब साधा आहे. आडनाव मुलाकडून चालते. कोणाला मूल नाही, कोणाला केवळ मुली. अशा जागी आडनावाची फांदी तुटते. ज्या आडनावाची घरे हजारो, त्याला दहा फांद्या तुटल्याचे काही वाटत नाही. ज्याची घरे मोजकी, ते दोन-चार पिढ्यांत नाहीसे होऊ शकते. हा हिशेब वाचल्यापासून ‘वंश बुडाला’ हे शब्द ऐकले की मी थबकतो. बुडते काय? रक्त तर मुलींच्या पोटी वाहतच असते. बुडतात ती चार अक्षरे. आणि त्या चार अक्षरांसाठी आपल्या समाजाने मुलींच्या जन्मावर किती सुस्कारे टाकले!

ती अक्षरे तगायची तर केवळ मुलग्यांच्याच बळावर तगतात असेही नाही. मेरी लुईझा स्ट्यूअर्ट ही या घराण्याची सून. तिचे आडनाव लग्नाने आलेले. पण मिसेस मोल्सवर्थ या नावाने तिने मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. कोकिळेच्या घड्याळाची तिची कथा १८७७ सालची, आणि घराण्यातल्या कित्येक सरदारांपेक्षा या सुनेनेच ते नाव घरोघर नेले. पुढे १९३९ साली जेफ्री विलन्स या लेखकाने एक खट्याळ शाळकरी पोर निर्माण केले, त्याचेही नाव नायजेल मोल्सवर्थ. रोनाल्ड सर्लने त्याची चित्रे काढली. या पोराला शाळा म्हणजे तुरुंग वाटतो आणि एकही शब्द धड लिहिता येत नाही. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात ज्याचा जन्म गेला त्या माझ्यासारख्याला हे वाचून हसावे की रडावे कळत नाही. एका मोल्सवर्थने शब्दांचा कोश रचला आणि दुसऱ्याने शब्दांची हाडे मोडली!

हिंदुस्थानात तर हे आडनाव दोनदा पुस्तकाचे नाव होऊन बसले. सर गिल्फर्ड मोल्सवर्थ हा रॉचडेलच्या धर्मोपदेशकाचा मुलगा, रेल्वेचा इंजिनियर. सिलोनातील रेल्वेचे काम करून तो १८७१ साली हिंदुस्थान सरकारचा रेल्वेविषयक सल्लागार झाला. त्याने इंजिनियरांसाठी सूत्रांची एक खिशात मावणारी वही छापली होती. पूल बांधणाऱ्या नि रूळ टाकणाऱ्या माणसांना ती इतकी हाताशी लागे की तीही नुसती ‘मोल्सवर्थ’ याच नावाने ओळखली जाई.

ज्या १८७१ साली हा मोल्सवर्थ इकडे आला, त्याच साली आपला मोल्सवर्थ तिकडे इंग्लंडात वारला. जेम्स टॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५. कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी ऐन तारुण्यात इकडे आला आणि तलवारीपेक्षा शब्दांच्या मागे लागला. जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधू त्याच्या जोडीला होते. १८३१ साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८५७ साली मुंबईत त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली, तीत सुमारे ६०,००० शब्द होते. संस्कृत शब्द तर कोणीही घेतला असता. याने शेतातले, बाजारातले, चुलीपाशी बसलेल्या बायकांच्या तोंडचे शब्द घेतले, म्हणी घेतल्या, शिव्यासुद्धा टाकल्या नाहीत. १९७५ साली पुण्यात हा कोश पुन्हा छापला गेला, आणि आज तो संगणकावरही पाहता येतो.

पण मोल्सवर्थ काही एकटा शब्द वेचीत हिंडला नव्हता. त्या कोशामागे मराठी पंडितांची मेहनत उभी होती. त्याच काळात, १८२९ साली, शास्त्रीमंडळींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ छापून निघाला. त्या मंडळींत जगन्नाथशास्त्री क्रमवंत होते, बाळशास्त्री घगवे होते, गंगाधरशास्त्री फडके होते. फडके आपल्या ओळखीचे. पण क्रमवंत? घगवे? वाचकहो, ही आडनावे यापूर्वी आपल्यापैकी किती जणांच्या कानांवरून गेली होती? एका परदेशी खेड्याचे नाव आपल्या घरात सामान्यनाम झाले, आणि आपल्याच भाषेचे शब्द ज्यांनी वेचले त्यांची आडनावे आपल्यालाच अनोळखी.

यात मोल्सवर्थचा काही दोष नाही. तो आपल्या भाषेवर उपकार करून गेला आणि त्याचे नाव राहिले हे योग्यच झाले. दुर्मिळ आडनावांची यादी करावयाची तर ती इंग्लंडातच शोधावयास नको; आपल्या जुन्या ग्रंथांच्या पहिल्या पानांवर, बारीक टाइपात, ती पडून आहेत. या दिवाळीत फराळानंतर एखाद्या शब्दावरून वाद निघालाच, तर मोल्सवर्थ अवश्य काढा. शब्द सापडला की त्या मूलच्या वाडीवाल्याला धन्यवाद द्या, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या क्रमवंतांचे नि घगव्यांचेही नाव मुलांच्या कानांवर घाला. आडनावाचे खरे मोल ते केवळ पुढच्या पिढीला मिळण्यात नाही. ते कोणीतरी आदराने उच्चारण्यात आहे.