न आलेल्या उत्तराचे फळ

वालीवच्या कारखान्यांत संघटनेचे काम करताना मी नेहमी ऐकतो, "आम्ही परीक्षेत पडलेले; आम्हांस शास्त्र काय कळणार?" त्यांना मी एक हकीकत सांगतो.

1923 साली म्युनिकमध्ये वेर्नर हायझेनबर्ग डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेस बसला. सूक्ष्मदर्शकातून किती बारीक दिसू शकते, हा परीक्षक वीन यांचा प्रश्न त्याला आला नाही. तो जेमतेम उत्तीर्ण झाला. 1927 साली त्याच सूक्ष्मदर्शकाचे उदाहरण घेऊन त्याने अनिश्चिततेचे तत्त्व मांडले: इलेक्ट्रॉनचे स्थान जितके नेमके ठरवावे, तितका त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, अनिश्चित होतो. या उदाहरणातही बोर यांनी चूक दाखविली. ती त्याने लेखाच्या अखेरीस कबूल केली.

ही अनिश्चितता हत्याराचा दोष नव्हे. लेथवरच्या जॉबचे माप चांगल्या मायक्रोमीटरने सुधारते. येथे मर्यादा निसर्गाचीच आहे. जॉबच्या मानाने मात्र ती इतकी सूक्ष्म, की बिघडलेल्या मालाला तिची सबब चालायची नाही.

हे शास्त्र परकेही नाही. 1954-55 मध्ये डिराक यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यावर व्याख्याने दिली. न आलेला प्रश्न लाजून टाकू नका. तो जवळ बाळगा, एवढेच माझे मागणे.